हाक आधी, चेंडू मागून

माझी नात विद्यापीठाच्या संघात पिचर आहे. संध्याकाळी सराव करून येते, खांद्याला बर्फ लावून बसते आणि मोबाइलवर अमेरिकेतले बेसबॉलचे सामने बघते. तिकडं म्हणे नुसता चेंडू टाकायचा इतका पगार मिळतो, की माणसाला दुसरं काही करावंच लागत नाही. परवा पडद्यावरच्या एका उंच माणसाकडं बोट दाखवून ती म्हणाली, "आज्जी, ह्याला म्हणतात प्रोफेशनल पिचर. आपल्या जालन्यात असं कोणी झालंच न्हाई."

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "झालं की. समोर बसून मेथी निवडून राह्यलंय."

ती खो-खो हसली. आयुष्यभर इतकी थट्टा केली, की आता खरं बोलले तरी लोक टाळीसाठी हात पुढं करतात. पण हे खरं होतं. मी चेंडू टाकण्याचा पगार घेतलेला आहे. बेसबॉलचा नाही, सॉफ्टबॉलचा. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान, आणि पिचरनं हात खांद्यावरून नाही तर कमरेखालून सोडायचा. नाव सॉफ्ट असलं तरी चेंडू नडगीवर बसला की नावावरचा विश्वास उडतो.

त्या काळातली मी आठवली, की तिला 'मी' म्हणायला जीभ वळत नाही. दोन वेण्या, पांढरी पँट, चालताना छाती अशी पुढं काढलेली जणू जिल्ह्याचा सगळा वारा हिच्याच परवानगीनं वाहतो. ही बया माझ्या ओळखीची आहे, एवढंच म्हणेन.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि घरचा ज्वारीचा एक तुकडा होता. कणसात दूध भरलं, की पाखरांच्या झुंडी उतरायच्या, आणि त्या राखायचं काम माझ्याकडं असायचं. चार खांबांवर फळ्या टाकून माळा बांधलेला. त्यावर उभं राहायचं, गोफणीत खडा ठेवायचा, फिरवायची आणि सोडायची. सोडताना ओरडायचं: हाऽऽ हुर्र्याऽऽ! 'हाऽऽ'ला गोफण फिरायची, 'हुर्र'ला वेग यायचा आणि 'याऽऽ'ला दोरीचं एक टोक बोटातून सुटायचं. हे कोणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या माळ्यांवरची पोरं तसंच करायची, म्हणून मीही केलं. चालताना जसे हात हलतात तसं माझं झालं, की हात फिरला की तोंड उघडायचं.

आठवीत आमच्या शाळेत खेळाचे नवे सर आले. त्यांनी एक पिवळटलेला चेंडू आणला आणि म्हणाले, "सॉफ्टबॉलमध्ये पिचरचा हात विंडमिलसारखा फिरतो. विंडमिल म्हणजे काय?"

एक मुलगी म्हणाली, "सर, गिरणी."

"कसली गिरणी?"

"दळणाची."

सरांनी कपाळाला हात लावला आणि स्वतः हात फिरवून दाखवला. मला तो हात ओळखीचा वाटला. गोफण डोक्यावरून फिरते आणि हा हात कडेनं फिरत होता, पण सुटायची वेळ तीच होती. मी चेंडू घेतला, फिरवला आणि सवयीनं हाक दिली: हाऽऽ हुर्र्याऽऽ! चेंडू सरांच्या पोटावर बसला. सर खाली बसले, आणि शाळेच्या कडुलिंबावरचे सगळे कावळे उडाले. पोरी हसून हसून लोळल्या. सरांना श्वास मिळाल्यावर ते म्हणाले, "ओरड. पाह्यजे तेवढं ओरड. पण टाकत राह्य."

मग मी टाकतच राहिले. विहाराच्या मागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढला आणि रोज शाळा सुटल्यावर त्यात चेंडू मारायचे. आतले बुद्ध शांत असायचे, वंदनेला बसलेले आजोबा नसायचे. "पोरी, वंदना चालू हाये इथं, आन् तू पाखरं हाकलून राह्यलीस का?" मी म्हणायचे, "आजोबा, तुमची वंदना झाली की सांगा, मंग मारते." ते म्हणायचे, "तू गप बसली तर होईल ना!" शेवटी त्यांनीच तोडगा काढला. वंदनेच्या वेळी मी बाहेर झाडून घ्यायचं आणि मग भिंत माझी. झाडणंही मी गोफणीच्याच जोरात करायचे. धूळ आतपर्यंत जायची.

शाळेच्या संघातून जिल्ह्याच्या, जिल्ह्याच्या संघातून राज्याच्या. कॉलेजला जालन्यात आले आणि तिथंच एका सरकारी खात्यानं महिलांचा संघ उभा केला. खेळणाऱ्या मुलींना त्यांनी हंगामी म्हणून घेतलं. सकाळी मैदान, दुपारी कचेरीत नावाला हजेरी, महिन्याला पगार. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहायचं काय काम असतं?"

"काहीच न्हाई. चेंडू टाकायचा."

"त्येचा पगार?"

"हो."

"आन् चेंडू परत कोण आणून देतं?"

"त्याच्यासाठी दुसरी मुलगी असते. तिलाही पगार हाये."

वडील आईकडं बघून म्हणाले, "सरकार सुधरलं म्हनायचं."

ती दुसरी मुलगी म्हणजे आमची कॅचर. जुन्या जालन्याची. तिच्या वडिलांचं तिथल्या गल्लीत धान्याचं दुकान होतं आणि तिची भाषा अर्धी मराठी, अर्धी घरची दखनी. बॅट धरणारीच्या मागं उकिडवी बसून माझा प्रत्येक चेंडू तिनं झेलला. नवऱ्यानं माझा चेहरा जितका बघितला असेल, त्यापेक्षा जास्त त्या जाळीच्या मुखवट्यातून तिनं बघितला आहे.

लग्नही त्याच दिवसांत झालं. नवरा जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानात कामाला होता. शांत माणूस, पण बोलला की टोचून. सासूबाईंना सुनेच्या नोकरीचं कौतुक होतं, फक्त ती नोकरी शेजारणीला सांगता येत नव्हती. "सरकारी हाये" एवढंच सांगायच्या. कोणी खोदून विचारलं, की म्हणायच्या, "फेकाफेकीच्या खात्यात हाये."

हंगामी आणि कायम, हे दोन शब्द आमच्या आयुष्यात सूर्य-चंद्रासारखे होते. हंगामी म्हणजे हंगाम संपला की जा. पुढच्या हंगामाला बोलावलं तर या. कायम म्हणजे म्हातारपणापर्यंतचं. खेळ सुटला तरी कचेरीतली खुर्ची सुटत नाही. आमच्यातली एकेक जण कायम होत गेली. कॅचर झाली, पहिल्या बेसवरची झाली. माझंही होणारच, असं ती बया धरून चालली होती, कारण तिच्यासारखा वेग विभागात कोणाकडं नव्हता आणि ही गोष्ट तिनं स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलेली होती.

मैदानावर खात्याचे शिकवणारे सर वेगळे होते. ते मला सारखं सांगायचे, "एक ढिला चेंडू शिकून घे. हात जोरात फिरव, पण चेंडू तळव्यात खोल धर, म्हणजे तो हळू येतो. बॅटरचा अंदाज चुकतो." पुस्तकातली ही जुनीच विद्या. सगळ्या पिचर शिकतात. ती बया काय म्हणाली असेल? म्हणाली, "सर, ढिला चेंडू म्हाताऱ्यांसाठी असतो." तेव्हा तिचं वय सत्तावीस. खांद्याचं वय तिनं विचारलं नव्हतं. पिचरचा खांदा वेगळ्या मुहूर्तावर जन्मलेला असतो आणि माणसाच्या बराच आधी म्हातारा होतो, हे तिला कोण सांगणार? सांगितलं असतं तर ऐकायला कान कुठं मोकळे होते? ते स्वतःचीच हाक ऐकत होते.

मुलगी झाली. बाळंतपणानंतर मैदानावर परतले तेव्हा चेंडू पहिल्यासारखाच सुटायचा, निदान मला तसं वाटायचं. पण समोरच्या बॅटरांच्या बॅटी लागायला लागल्या. पूर्वी ज्या पोरी माझ्यासमोर डोळे मिटून बॅट फिरवायच्या, त्या डोळे उघडे ठेवून लांब लांब मारायला लागल्या. मी आणखी जोर लावला. त्यांनी आणखी लांब मारलं. घरी येऊन म्हणायचे, बॅटी बदलल्यात, उन्हाचा त्रास होतो, अंपायरला दिसत नाही. नवरा ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "आमच्या दुकानातबी असंच हाये. कापड खपलं न्हाई की शेठ म्हनतो, गिऱ्हाइकाची नजर खराब."

नेमक्या त्याच हंगामात कचेरीत नवे साहेब आले आणि संघात नवी पोरगी आली. पोरगी वीस-एकवीसची, माझ्याहून वेगवान, आणि वर नम्र. मला 'ताई' म्हणून पाणी आणून द्यायची. तिचा रागही धड करता येत नव्हता. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, की पिचरसाठी एकच जागा कायम होणार आहे. हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर ते ठरवतील. दुसरीला पुढच्या वर्षी बोलावणं येईलच असं नाही.

मला पाळण्यातली पोरगी दिसली, सासूबाईंचं 'सरकारी हाये' ऐकू आलं. खेळाशिवाय मला काहीच येत नव्हतं. टायपिंगसुद्धा नाही.

त्या दिवशी सराव संपल्यावर कॅचर माझ्याजवळ येऊन बसली. मुखवटा काढला, घाम पुसला आणि म्हणाली, "एक बात बोलू? गुस्सा नको करू."

"बोल."

"तू वरडती ना, तब्बीच त्यांची बॅट फिरती."

"म्हणजे?"

"अगं, मी मागं बसते, मला ऐकू येतं. तुझं 'हुर्र' झालं की बॅटर पाय उचलती, 'या' झालं की मारती. चेंडू बघतच न्हाई. कल की टीम तर बाकावरून सगळ्या मिळून तुझ्यासंगं म्हणून राह्यल्या होत्या. हुर्र्याऽऽ! तुला वाटलं चिडवून राह्यल्या."

मला खरंच तसं वाटलं होतं. वाटलं होतं, घाबरल्यात म्हणून ओरडतात.

"अख्ख्या विभागाला मालूम हाये," ती म्हणाली. "तुलाच न्हाई."

दुसऱ्या दिवशी ठरवून तोंड बंद ठेवलं. हात फिरवला, आणि सोडायची वेळच कळेना. चेंडू बोटात अडकला, उशिरा सुटला आणि कॅचरच्या डोक्यावरून जाऊन पाण्याच्या माठावर बसला. माठ फुटला. दुसरा चेंडू माझ्याच पायावर पडला. सर म्हणाले, "तोंडात काही तरी धर." रुमाल धरला, तर हात अर्ध्यावर थांबायचा. सुपारी धरली, तर सवयीनं तोंड उघडलं आणि सुपारी घशात गेली. कॅचरनं पाठीत गुद्दे घालून ती काढली आणि म्हणाली, "जान दे, वरड बाई. मरण्यापरीस हारणं बरं."

नवी पोरगी लांबून बघत होती. हसली नाही. ती हसली असती तर बरं वाटलं असतं.

असे काही दिवस गेले. ओरडावं तर मार पडतो, न ओरडावं तर चेंडू जात नाही. मग एका सकाळी, सरावातच, खांद्यात कळ आली. अशी कळ, की सुरी फिरावी. हाक निघून गेली होती, हात फिरला होता, पण ऐन वेळी बोटांत जोरच राहिला नाही. चेंडू तळव्यातून घरंगळल्यासारखा सुटला आणि हवेत रमतगमत निघाला. मला रडू आलं. वाटलं, संपलं. चेंडू अजून वाटेतच होता आणि समोरच्या मुलीची बॅट केव्हाच फिरून गेली होती. ती स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसली. चेंडू नंतर आला आणि कॅचरच्या हातमोज्यात 'पट्' करून पडला.

कॅचर मुखवट्याआड हसत होती. "काय टाकलं गं हे?"

"टाकलं न्हाई. पडलं."

"मंग परत पाड."

मी तिथंच जमिनीवर बसले, खांदा दाबत. आणि मला माळा आठवला. खडे संपले, की आम्ही पोरं नुसतंच ओरडायचो. रिकामी गोफण फिरवून हाऽऽ हुर्र्याऽऽ. पाखरं तरी उडायचीच. हाकेला घाबरून उडायची, खडा काही त्यांना दिसायचा नाही. पण सारखंच रिकामं ओरडलं की ती हुशार व्हायची, उडायची नाहीत, मान वाकडी करून बघत बसायची. तेव्हा एक खरा खडा घालावा लागायचा. मग पुन्हा दोन दिवस रिकाम्या हाकेवर निभायचं. किती खोटं, किती खरं, ह्याचं माप बोटांना ठाऊक होतं. हीच विद्या सर पुस्तकातून शिकवत होते आणि ती बया नाक मुरडत होती, कारण पुस्तकात तिला 'ढिला चेंडू' असं म्हटलेलं होतं. 'रिकामी हाक' म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी शिकली असती!

त्यानंतर मी आणि कॅचर रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचो. हाक तीच, तेवढीच लांब, तेवढ्याच जोराची. हात तोच. फक्त चेंडू कधी बोटात, कधी तळव्यात. भाकरीच्या उंड्यासारखा धरला, की तो आळशी व्हायचा. अवघड काय होतं सांगू? हाक खोटी वाटू द्यायची नव्हती. सुरुवातीला ढिला चेंडू टाकताना माझा आवाजही ढिला व्हायचा. कॅचर ओरडायची, "दिलसे वरड! झूट बोलायचं तर दिलसे बोल!" इतकी वर्षं माझं तोंड आणि हात एकमेकांशी इमानानं वागले होते. त्यांच्यात आता मी फूट पाडत होते.

घरी सराव करता यावा म्हणून मी सासूबाईंसमोर हाक मारून कांदा हळूच टोपलीत टाकायचे. त्या आधी दचकल्या, मग सवय झाली, मग म्हणाल्या, "मला बी फसवून राह्यलीस व्हय? पोरगी उठंल." पोरगी उठायची नाही. पोटात असल्यापासून ती हाक ऐकत आलेली.

शेवटचा सामना जालन्यातच झाला. साहेब सफारी घालून खुर्चीत बसले होते, हातात उसाचा रस. सरांनी मला आधी उतरवलं, आणि साहेबांनी दोघींना बघावं म्हणून नव्या पोरीला शेवटच्या डावापुरतं राखून ठेवलं. मी पहिला चेंडू जोरात टाकला, तो मार खाऊन लांब गेला. समोरच्या बाकावरून हसू आलं आणि सगळ्या मिळून "हुर्र्याऽऽ!" दुसऱ्या बॅटरला मी तीच हाक दिली आणि चेंडू तळव्यात धरला. तिची बॅट 'या'वर फिरली. चेंडू अजून अर्ध्या रस्त्यात होता. तिला कळलंच नाही काय झालं. तिनं बॅटीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग आभाळाकडं.

बाक गप्प झाला. त्यानंतर मी त्यांना खेळवलं, असं म्हणायला मला अजून गुदगुल्या होतात. दोन खोटे, एक खरा. एक खोटा, दोन खरे. एका बॅटरनं अंपायरकडं तक्रार केली, की ही ओरडून फसवते. अंपायरनं आधीच मला एकदा सांगून ठेवलं होतं, "बाई, हे शेत न्हाई." त्यांनी डोकं खाजवलं आणि तिला म्हणाले, "आजवर ती ओरडायची तेव्हा तुम्हीबी संगं ओरडत होत्या. तेव्हा न्हाई आठवलं का?" शेवटचा डाव नव्या पोरीनं टाकला, सरळ, सुसाट, आणि आम्ही सामना जिंकलो.

सगळ्या जणी माझ्या गळ्यात पडल्या. मी साहेबांकडं बघितलं. ते सरांशी बोलत होते. सरांचा चेहरा उतरलेला. कॅचरनं जाऊन कान दिला आणि धावत परत आली.

"काय म्हणून राह्यले?"

"म्हणतात, नवी चांगली हाये. ह्या बाईची ताकद संपली. चेंडू पोचता पोचत नव्हता."

खेळ न कळणाऱ्या माणसानं बरोबर बघितलं होतं. माझे चेंडू खरंच हळू जात होते. इतक्या वर्षांत त्या दिवशी मी सगळ्यात चांगलं खेळले होते आणि बाहेरून ते म्हातारपणासारखं दिसत होतं. मी काय सांगणार होते त्यांना? साहेब, ते मुद्दाम होतं? हरलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो.

मी गप्प उभी राहिले. कॅचर राहिली नाही. ती कायम झालेली होती, तिला काय भीती! सरळ खुर्चीसमोर गेली. "साहेब, एक अर्ज हाये. तुम्ही बॅट धरा."

"मी?"

"तीन चेंडू. हळूच तर हायेत. पोचत बी न्हाईत म्हणता."

कचेरीतली सगळी माणसं जमली होती. नाही कसं म्हणणार? साहेबांनी रसाचा ग्लास खाली ठेवला, सफारीच्या बाह्या सारख्या केल्या आणि बॅट घेतली. क्रिकेटसारखी धरली. कॅचरनं अदबीनं नीट करून दिली.

सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एक लागू दे त्यांना. साधा, सरळ. खूश होतील."

मी विचार केला. लागू दिला तर ते म्हणतील, बघा, मीसुद्धा मारला, संपलीच ही बाई. नाही लागू दिला तर चारचौघांत पडलेला साहेब माझ्या कागदावर सही कशाला करेल? दोन्ही बाजूंनी खड्डा. मग ठरवलं, खड्ड्यात जायचंच तर पिचर म्हणून जावं.

पहिला. हाऽऽ हुर्र्याऽऽ! आणि तळव्यातून. साहेबांनी इतक्या ताकदीनं बॅट फिरवली, की ते बॅटीमागून फिरले आणि तोंड पार कचेरीच्या दिशेला झालं. चेंडू त्यांच्या पाठीमागून निवांत गेला. कोणी हसलं नाही. हसू दाबल्याचा आवाज मात्र आला, जात्यातून आल्यासारखा.

दुसऱ्या वेळी ते सावध झाले. हाक झाली तरी हलले नाहीत, चेंडूची वाट बघत राहिले. तो खरा होता. त्यांच्या पोटासमोरून गेल्यावर त्यांनी डोळे मिचकावले.

तिसरा. साहेब पुढं वाकून, ओठ चावून, कान टवकारून उभे. सफारीचा एक खिसा उलटा बाहेर आलेला. माझ्या पोटात हसू असं उकळलं, की वाटलं, आता तोंड उघडलं तर हाकेऐवजी हसूच बाहेर येईल, आणि मग नोकरी गेलीच. मी ओठ घट्ट मिटले, दात दातांवर दाबले आणि तसाच हात फिरवला. चेंडू सुटून गेल्यावर मला कळलं, की मी ओरडलेच नाही.

साहेब हाकेची वाट बघत उभे होते. चेंडू कॅचरच्या हातात पोचला तरी ते उभेच होते.

"टाका की," ते म्हणाले.

कॅचरनं मागून चेंडू पुढं करून दाखवला. "साहेब, आला पण."

साहेबांनी चेंडूकडं बघितलं, बॅटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आवाज का न्हाई दिला?"

मी म्हटलं, "साहेब, कधी देते, कधी न्हाई."

"म्हणजे ही फसवणूक हाये."

"हो साहेब. त्याचाच पगार हाये."

साहेबांनी बॅट कॅचरच्या हातात दिली आणि गाडीत बसून गेले. सर म्हणाले, "सगळं घालवलंस." नव्या पोरीनं मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच कायम व्हा. माझ्याकडं अजून वेग हाये, मी कुठंबी जाईन." हे बोलणं मायेचं होतं की टोचणारं, ह्याचा निकाल मी अजून लावलेला नाही. पुढं ती पोलिसात लागली, पण जाण्याआधी ढिला चेंडू माझ्याकडून शिकून गेली.

आमच्या घरात ते दिवस सरता सरत नव्हते. नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, "आलं का काही?" आणि मी नाही म्हणून मान हलवली की लगेच दुसरा विषय काढायचा, चादरीचा नाहीतर साखरेचा. सासूबाईंनी शेजारणीकडं जाणंच सोडलं. मी टायपिंगच्या वर्गाची चौकशी करून आले. खांदा रात्री ठणकायचा आणि मी त्याला म्हणायचे, तुझं काय जातंय, तू तर सुटलास.

हुकूम आला तेव्हा मी त्यात 'पिचर' शब्द शोधला. तो नव्हता. सरकारच्या कुठल्याच यादीत पिचर नावाची जागा नसते, हे मला तेव्हा कळलं. मला कनिष्ठ लिपिक म्हणून कायम केलं होतं, खाली साहेबांची सही. खेळ आणखी काही वर्षं चालला. दर वर्षी खरे चेंडू कमी होत गेले आणि खोटे वाढत गेले. शेवटी शेवटी तर हाकेशिवाय माझ्याकडं काही उरलं नव्हतं, आणि तरी बॅटर चुकायच्या. पण तो खेळ वेगळा, आणि पगार ज्याचा मिळत होता ते काम आता कचेरीतल्या खिडकीमागचं होतं.

हुकूम आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी इस्त्रीची साडी नेसून मी त्या खिडकीशी बसले. वरच्या फळीवरची फाईल काढायला उजवा हात वर केला, तर खांद्यात तीच कळ आली. डाव्यानं काढली. खुर्चीला टेकून बघितलं. ती हलत नव्हती. मनात आलं, आता कोणीतरी यावं आणि विचारावं.

खिडकीत एक पागोटंवाले बाबा आले. हातात कागद. माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "नवीन आल्यात का बाई?"

मी पाठ ताठ केली. "न्हाई बाबा. कायम हाये."

"मंग जल्दी करा की," ते म्हणाले, "घनसावंगीची गाडी निघून जाईल माझी."

मी जल्दी केली.